केडगावचे मुक्तिसदन : उणिवांसकट उभे राहिलेले घर

आपल्या मंडळीचा स्वतःचा इतिहास लिहायला घेतला तर चार पाने पुष्कळ झाली. सिडको 1970 साली स्थापन झाली, खाडीवरचा पहिला पूल 1973 साली सुरू झाला, आणि नगर, जालना, सोलापूर, वसई अशा ठिकठिकाणांहून नोकरीनिमित्त आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे वाशी, नेरूळ, पनवेलकडे हळूहळू स्थिरावली. आधी कुणाच्या तरी दोन खोल्यांत प्रार्थना, मग शाळेच्या हॉलमध्ये उपासना, मग भूखंडासाठी अर्ज. नवी मुंबईतल्या बहुतेक मंडळ्यांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. स्मरणिका समितीने म्हणूनच ठरवले की आपल्या चार पानांना जोड म्हणून एका जुन्या, मराठी ख्रिस्ती संस्थेचा इतिहास द्यावा. महिला मंडळाने नाव सुचवले ते केडगावच्या पंडिता रमाबाई मुक्ती मिशनचे, आणि लेखनाचे काम माझ्याकडे आले.

रमाबाईंवर आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते, पण दोनच सुरांत. समाजसुधारकांच्या यादीत त्या ‘विधवांच्या कैवारी’ असतात आणि तिथे त्यांची श्रद्धा जरा अडचणीची म्हणून बाजूला ठेवली जाते. आपल्या व्यासपीठावर त्या ‘विश्वासवीर’ असतात आणि तिथे त्यांचे कमी ऐकू येणे, त्यांचे वाद, त्यांच्या घरातले मृत्यू हे सगळे एका ‘हालेलूया’त गुंडाळले जाते. मला या दोन्हींपेक्षा वेगळे दिसते. मुक्तीत विश्वासाने कुणाची उणीव नाहीशी झाली नाही. बहिरेपण बहिरेपणच राहिले, आंधळ्या बायका आंधळ्याच राहिल्या. त्या उणिवा धरूनच तिथे कामाची वाटणी झाली, आणि संस्था टिकली ती त्या वाटणीमुळे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. आई लक्ष्मीबाईंनी पहाटे मुलीला पाठ देऊन तिच्याकडून हजारो श्लोक घोटून घेतले. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरत राहिले, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळाने त्यांना गाठले. चीजवस्तू विकून झाली, भांडी विकून झाली, शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. वडील तोपर्यंत म्हातारे आणि दृष्टी गेलेले. 1874 साली ते गेले. जाण्यापूर्वी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवले, पण तिचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. मागोमाग आई गेली, मग थोरली बहीण. पुढे मुक्तीत आंधळ्या स्त्रियांसाठी स्वतंत्र घर का निघाले, याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी चालत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. एप्रिल 1881 मध्ये मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवरा गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा अशी पाच माणसे गेलेली, कडेवर तान्ही मुलगी. अशा स्थितीत त्या पुण्यात आल्या आणि त्याच 1882 साली त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. या देशातल्या बायकांना बायकाच डॉक्टर हव्यात, हे त्यांनी तिथे ठासून सांगितले.

स्वतः डॉक्टर व्हायचे, म्हणून 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांचा कान आडवा आला. ऐकू कमी येऊ लागले होते, आणि वैद्यकाच्या शिक्षणात कान नसला तर चालत नाही. बेत तिथेच संपला. माझ्या मते मुक्तीचा इतिहास खरा सुरू होतो तो इथून. ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम देहाच्या एका उणिवेमुळे अशक्य झाले, आणि परत जावे तर परतायला घर नाही. त्यांनी अध्यापनाची वाट धरली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि शिकवूही लागल्या.

29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाई आणि लहानग्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडे आधी त्यांच्याबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच जीव दिला होता. आपल्याकडच्या साक्षीत बाप्तिस्म्याच्या आधीचा काळ अंधाराचा आणि नंतरचा उजेडाचा, अशी सरळ रेघ मारायची सवय आहे. रमाबाईंनी तशी रेघ मारली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 साली प्रसिद्ध केला. तो वाचताना घाम फुटतो. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या अडून बसतात, पाळकांचा अधिकार निमूटपणे मान्य करीत नाहीत, क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत चालतील की, असे विचारतात. मांसाहाराला त्यांनी शेवटपर्यंत शिवले नाही. सिस्टरबाईंना हा गर्व वाटला. इकडे पुण्यात धर्म सोडल्याबद्दल जहरी टीका होत होती, तेव्हा त्यांच्या बाजूने लिहिणारे जोतीराव फुले होते, 1885 च्या ‘सत्सार’मध्ये.

1907 साली प्रसिद्ध केलेल्या साक्षीत त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ज्याच्यावर भार टाकायचा तो ख्रिस्त सापडायला पुढे आठ वर्षे गेली. म्हणजे 1891 साल. तोवर विधवांसाठीचे शारदा सदन निघून दोन वर्षे झाली होती. विश्वास पक्का झाल्यावर काम सुरू करू, असे म्हणत त्या थांबल्या नाहीत, हे आपल्या समित्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

शारदा सदनाची हकिगत मराठी वाचकाला बरीचशी माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. 1887 मध्ये त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले, आणि त्याच वर्षअखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहून तिने 10 वर्षे मदत देण्याचे कबूल केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. 1890 च्या अखेरीस सदन पुण्याला हलले. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे. धर्म शिकवायचा नाही, सोवळे पाळणारीला ते पाळू द्यायचे, असा करार होता. रमाबाईंनी तो पाळला, पण स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार मात्र लावले नाही. मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची बाजू मला पटते, पण पालकांची धास्तीही खोटी नव्हती. उघडे दार हेही एक निमंत्रणच असते. ते त्यांना ठाऊक नव्हते, असे मानणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे.

आता केडगाव. पुण्यापासून सुमारे 50 किलोमीटरवर, दौंडच्या वाटेवरचे स्टेशन. बोस्टनची 10 वर्षांची मुदत संपत आली होती. पुढे खर्च कसा चालवायचा? फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, या हिशोबाने रमाबाईंनी तिथे 100 एकर माळरान घेतले. त्याच सुमारास त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथगृहांचा आणि हडसन टेलर यांच्या चीनमधल्या कार्याचा वृत्तान्त वाचला होता. कुणाकडे वर्गणी न मागता, देवाकडे मागून संस्था चालवणारी ही माणसे. हिंदुस्थानात असे का होऊ नये, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. तरी झाडे त्यांनी आधी लावली, हे विसरू नये. विश्वास आणि फळबाग यांत त्यांना विरोध दिसला नाही.

1896 साली लोणावळ्याला ख्रिस्ती मेळावा भरला होता. रमाबाई आपल्याबरोबर 15 मुली घेऊन गेल्या होत्या. एका पहाटे त्या रानात एकट्या गेल्या, त्या 15 जणींबद्दल देवाचे उपकार मानले आणि पंधराच्या पंधरापट, म्हणजे 225 मुली मागितल्या. ही गोष्ट आपल्या संमेलनांत नेहमी सांगितली जाते, आणि सांगणारा आकड्यावर येऊन थांबतो. आकडा पुरा कसा झाला ते सांगायला जरा जड जाते, कारण तो दुष्काळाने पुरा केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतात माणसे भुकेने मरू लागली. लहानपणी पालापाचोळा खाल्लेल्या रमाबाईंना घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या, सरकारी मदत छावण्या आणि धर्मशाळा पाहिल्या, आणि भुकेल्या मुलींना पळवून नेणारी माणसे तिथे कशी टपून बसलेली असतात तेही पाहिले. शेकडो मुली आणि विधवा त्यांनी पुण्यास पाठवल्या.

पुण्यात तेव्हा प्लेग. शहरात एवढ्या माणसांना ठेवू देईनात. मग सगळा लोंढा केडगावच्या माळावर, आधी राहुट्या आणि छपरांत. याच 1897 साली पुण्याच्या प्लेग छावण्यांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये सडेतोड पत्र लिहिले. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नरांची त्यांच्यावर खप्पा मर्जी झाली. ख्रिस्ती झालेली बाई म्हणजे सरकारधार्जिणी, असे मानणाऱ्यांनी हे पान जरूर उघडून पाहावे. सप्टेंबर 1898 मध्ये मुक्तिसदनाचे रीतसर उद्घाटन झाले, दुसऱ्या वर्षी चर्चच्या इमारतीचा पाया घातला गेला. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या माणसांची संख्या 2000 च्या घरात गेली.

दोन हजार हा आकडा उच्चारायला सोपा आहे. भुकेने खंगलेल्या मुलीला एकदम पोटभर जेवू घातले तर ती दगावते. पातळ पेजेपासून सुरुवात करावी लागते, तीही थोडी थोडी. अंगावर खरूज, डोक्यात उवा, डोळे आलेले. भाषा गुजराती, हिंदी, मराठी अशा नाना. अन्न लपवून ठेवण्याची सवय सुटायला कितीतरी दिवस लागतात. पुष्कळ मुली आल्या त्या उशिरा आल्या, आणि मुक्तीच्या मातीत त्यांच्यातल्या अनेकींना मूठमाती मिळाली. कित्येक जणी बऱ्या होऊन निघून गेल्या, काहींना तिथली शिस्त मानवली नाही. संस्थेच्या इतिहासात यांचा उल्लेख सहसा नसतो. फोटोत असतात त्या रांगेने उभ्या असलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या बायका.

या इतक्या बायकांना सांभाळणार कोण? उत्तर एकच निघाले, त्यांनीच एकमेकींना. एकेका मोठ्या बाईच्या हाताखाली मुलींचा गट, आणि आज बरी झालेली उद्या नव्या आलेलीची शुश्रूषा करणार. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारिणी सुरुवातीपासून होत्या, अमेरिकेहून मिनी अब्रम्स आल्या. पण दळण, स्वयंपाक, धुणे, शेत, गुरे, हातमाग, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना, शाळा हे सगळे मुलींच्याच अंगावर. कुवत पाहून काम. धावपळ न झेपणारी मागावर बसली, अक्षरओळख झालेली लगेच दुसरीला शिकवू लागली. फसवणूक झालेल्या, वाईट मार्गाला लावल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन निघाले. आजच्या भाषेत याला पुनर्वसन म्हणतील. मुक्तीत त्याला नुसते काम म्हणत.

आंधळ्या बायकांचे घर ते बार्तीमी सदन. यरीहोच्या रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारणारा बार्तीमाय मार्काच्या दहाव्या अध्यायात भेटतो, त्याच्यावरून हे नाव. शुभवर्तमानातल्या बार्तीमायाला दृष्टी मिळते. केडगावच्या बायकांना ती मिळाली नाही, आणि नाव ठेवताना रमाबाईंना हे कळत नव्हते असे थोडेच आहे! त्या बायकांना मिळाले ब्रेल. मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या होत्या, त्यांनी इथल्या आंधळ्या मुलींना ते शिकवले.

ब्रेल लिहायचे कसे, हे मी मुद्दाम जवळ बसून पाहिले आहे. खाचांच्या पट्टीत जाड कागद अडकवायचा आणि बोथट टोच्याने एकेक टिंब दाबायचे. टिंब उठते कागदाच्या पाठीवर, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक अक्षर उलटे. वाचताना कागद पालटला की ओळ सरळ होते. सहा टिंबांच्या जागांत सगळी वर्णमाला. आज भारतीय भाषांसाठी जी भारती ब्रेल आहे ती 1951 साली ठरली. त्याआधी वेगवेगळ्या शाळांच्या वेगवेगळ्या चिन्हपद्धती होत्या. म्हणजे मुक्तीतल्या बायका शिकल्या ती लिपीही अजून पुरती स्थिर झालेली नव्हती. दळून, दोर वळून, टोपल्या विणून बोटांची कातडी घट्ट झालेली असते, त्याच बोटांनी टिंबे ओळखायची. हे साधायला महिने लागतात. पण साधले की एक फरक पडतो, आणि तो उपासनेत फार मोठा असतो. रात्री दिवे मालवल्यावर खोलीत शास्त्रपाठ वाचून दाखवू शकते ती आंधळी बाईच.

1905 च्या जून महिन्यात मुक्तीत जे संजीवन झाले, त्यावर आपल्यातल्या काही बांधवांनी पुस्तके लिहिली आहेत, म्हणून मी ते थोडक्यात आटोपते. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून बायका रोज जमून प्रार्थना करीत होत्या. मग रडणे, पापांगीकार, मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना असे दिवसचे दिवस चालले, आणि केडगावचे नाव जगभरच्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात जाऊन बसले. बाहेरचे पाहुणे हा गलबला पाहून बिचकले. रमाबाईंनी तो बंद पाडला नाही. आपल्या देशातल्या बायकांनी आपल्या रीतीने देवापुढे मन मोकळे करावे, पाश्चात्त्य धाटणीचीच अपेक्षा का, असा त्यांचा रोख होता. क्रूसावर संस्कृत अक्षरे मागणारी बाई दुसरे काय म्हणणार?

या काळातच रमाबाईंनी उरलेल्या आयुष्याचे मुख्य काम हाती घेतले होते, पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर. मराठीत भाषांतरे नव्हती असे नाही. पहिले श्रीरामपूरला कॅरींनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेले, मग बायबल सोसायटीचे. पण मुक्तीत आलेल्या, नुकती अक्षरओळख झालेल्या खेडवळ बाईला ती भाषा झेपत नव्हती. रमाबाई पन्नाशीकडे झुकल्या होत्या आणि कानांनी जवळजवळ साथ सोडली होती. त्या वयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा गाठल्या. संस्कृतात पदवी मिळवलेल्या या बाईने शेवटच्या पुस्तकासाठी संस्कृतप्रचुर भाषा दूर ठेवली आणि रोजच्या, सोप्या मराठीचा हट्ट धरला. भाषांतर म्हणून त्यात खाचखळगे आहेत. मुळाला शब्दाशब्दाने धरून राहण्याच्या आग्रहापायी काही वाक्ये मराठी कानाला अडखळतात. आपल्या मंडळीत ते वाचलेही जात नाही, सोसायटीचेच वाचले जाते. तरीही संपूर्ण बायबलचे भाषांतर एका स्त्रीने केल्याचे दुसरे उदाहरण मराठीत मला माहीत नाही.

बहिरेपणाचा इथे तोटा झाला की फायदा, हे मी ठरवू शकत नाही. इतके खरे की दोन हजारांच्या गजबजाटात त्या खाली मान घालून लिहीत बसत.

छपाई मुक्तीच्याच छापखान्यात. ज्यांनी खिळ्यांचे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. देवनागरीला इंग्रजीसारखी सव्वीस घरे पुरत नाहीत. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे मिळून खिळ्यांची शेकडो घरे असलेल्या केस समोर मांडलेल्या असतात. उलट्या अक्षराचा एकेक खिळा वेचून ओळ जुळवायची, ओळी गॅलीत भरायच्या, कच्चे मुद्रित काढायचे, चुका दुरुस्त करायच्या, मग फर्मा यंत्रावर चढवायचा. छापून झाले की पुन्हा सगळे खिळे आपापल्या घरात परत. संपूर्ण बायबल म्हणजे 66 पुस्तके. हे सर्व बायकांनी केले, पुस्तकबांधणीसुद्धा. दुष्काळात अक्षरशत्रू म्हणून आलेल्या बायकांच्या घरात हा ग्रंथ हाताने जुळवला गेला.

1919 साली सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याने फारसे काही बदलले नाही. बदलले ते 1921 मध्ये. मनोरमाबाई शाळा सांभाळत, पत्रव्यवहार बघत, आईचे कान झालेल्या होत्या. मुक्तीचा पुढचा भार त्यांच्यावर, हे सगळे धरून चालले होते. 24 जुलै 1921 रोजी मिरजेच्या दवाखान्यात त्या वारल्या. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. रमाबाई 63 वर्षांच्या. ज्या बाईने प्रार्थनेने माळरानावर दोन हजार माणसे जगवली असे आपण सांगतो, तिच्या मुलीसाठीच्या एका मागण्याचे काय झाले, हा प्रश्न आपल्या साक्षींमध्ये कुणी विचारत नाही. पौलाने देहातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला, हे आपण दर वर्षी वाचतो, पण ते पौलाबद्दल म्हणून वाचतो. रमाबाईंनी मुलीमागे सुमारे साडेआठ महिने काढले आणि ते भाषांतर हातावेगळे करण्यात घालवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. केडगावलाच त्यांना माती दिली. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले 1924 साली.

संस्थापिका गेली, वारस आधीच गेलेली, ठरलेले उत्पन्न नाही. अशी घरे चार-दोन वर्षांत बसतात. मुक्ती बसली नाही. आधीपासून तिथे असलेल्या लिसा हेस्टी यांनी कारभार हाती घेतला, परदेशी मंडळ्यांचा हात राहिला, आणि पुढे संस्थेची सूत्रे भारतीय हातांत आली. दुष्काळ सरले तशी माणसांची संख्या घटली, कामाचे रूप बदलले. निराधार मुली, टाकलेल्या बायका, वृद्धा, अंध स्त्रिया आजही तिथे राहतात. 1989 साली टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले, 2022 मध्ये त्यांच्या निधनाला 100 वर्षे झाली. पनवेलहून पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे दौंडकडच्या लोकलने केडगाव. सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. जाणाऱ्यांनी आधी कळवून जावे. ते माणसांचे राहते घर आहे.

हा लेख मागताना समितीने शेवटी ‘नव्या पिढीस संदेश’ घालावा, असे सुचवले होते. तो मी घातलेला नाही. त्याऐवजी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेसाठी दोन विषय देते. आपले प्रार्थनागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांमुळे जिना चढू न शकणाऱ्या निदान सात-आठ आजी घरी बसून मोबाइलवर उपासना पाहतात. प्रभुभोजन त्यांना घरी नेऊन देतो, पण वर्गात शिकवायला, गीते बसवायला त्यांना कुणी बोलावत नाही, आणि त्यांच्यातल्या तिघी निवृत्त शिक्षिका आहेत. दुसरे, कमी ऐकणाऱ्यांसाठी पुढच्या दोन रांगा राखून ठेवाव्यात आणि उपदेशाचा गोषवारा छापून त्यांच्या हाती द्यावा. खर्चाचा अंदाज खजिनदारांकडे दिलेला आहे.